चिऊचं घर मेणाचं, म्हणून आम्ही मेणबत्त्या आणल्या

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. आमच्याकडं सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगू चालतं, काहींत कन्नड, बाकीच्यांत मराठी नाहीतर उर्दू, पण अंगणवाडीत म्हणा किंवा शेजारच्या आज्जीकडून म्हणा, ही गोष्ट पोरांच्या कानावर पडलेली असतेच. आमचा शनिवारचा बालवर्ग म्हणजे तीन ते सहा वर्षांची पंधरा-वीस पोरं, एका मंडळाची खोली आणि वरची मोकळी गच्ची, एवढंच. या पावसाळ्यात पक्ष्यांवर चित्रकाम आणि हस्तकाम करायचं असं आम्ही दोघी-तिघींनी ठरवलं तेव्हा गोष्ट शोधत बसावंच लागलं नाही. आम्हाला नवी गोष्ट नकोच होती, सगळ्यांना आधीपासून पाठ असलेली पाहिजे होती. कारण माझा अनुभव असा आहे की पोराला "चला आज चिमणी काढूया" म्हटलं की ते आपल्या तोंडाकडं बघत बसतं, कशी काढू विचारतं, शेजारच्याचं बघून काढतं. पण "काऊचं घर वाहून चाललंय, आता काय करायचं" म्हटलं की त्याच पोराचे हात आपल्याआधी कामाला लागलेले असतात.

पहिल्या शनिवारी कागद बाहेर काढलाच नाही, नुसती गोष्ट. दाराच्या आत मी आणि निम्मी पोरं चिऊ, बाहेर जिन्यात एकेक पोरगं काऊ होऊन यायचं, दारावर थाप मारायचं, चिऊताई चिऊताई दार उघड, आणि आतल्यांनी कारण द्यायचं. थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे, थांब बाळाला तीट लावू दे, ही तर ठरलेलीच, पण दोन-तीन काऊ होऊन गेल्यावर पोरांची स्वतःची कारणं सुरू झाली, थांब बाळाला डोस पाजायचाय, थांब मोबाईल चार्जिंगला लावते, आणि एक पोरगी म्हणाली थांब नळाला पाणी आलंय, भरून घेते. त्यावर बाहेरचा काऊ लगेच म्हणाला बरं बरं भर, मी थांबतो. सोलापूरचा काऊ आहे, पाणी यायच्या दिवसाची किंमत त्याला माहितीय. एक साडेतीन वर्षांचा मात्र बाहेर उभा राहून खरंच रडकुंडीला आला, "बाई, मी भिजायलोय की!" मग आम्ही दार उघडलं, टॉवेलनं त्याचं डोकं पुसलं, आणि तिथून पुढं दर वेळी काऊ आत आला की टॉवेल पाहिजेच असं पोरांनी ठरवून टाकलं.

या गोष्टीचा शेवट प्रत्येक घरात वेगळा. कुणाकडं चिऊ काऊला चुलीजवळ शेकायला बसवते, कुणाकडं काऊ तापल्या तव्यावर बसतो आणि चटका खातो. आमच्याकडं सोबत यायच्या त्या एका आज्जींनी चटक्याचा शेवट सांगितला तेव्हा मी अडवलं नाही. पुस्तकी लोक म्हणतात लहान मुलांना असं सांगू नये, मला ते पटत नाही. चटका काय असतो हे तीन वर्षांच्या पोराला चांगलं माहीत असतं, त्यांनी ऐकलं, गप्प झाली, मग दोघातिघांनी काऊला फुंकर घातली. पुढच्या कितीतरी चित्रांत काऊच्या मागच्या बाजूला पांढरी पट्टी दिसते ती त्यातूनच आली.

दुसरं काम, बघायचं. आमच्या गच्चीसमोर यंत्रमागाच्या कारखान्याचा पत्रा आहे, सकाळी तिथं कावळे असतात, आणि खाली किराणा दुकानापुढं ज्वारीचं पोतं सोडताना दाणे सांडतात तिथं चिमण्या. पोरांना आधी विचारलं काऊ कुठल्या रंगाचा, सगळे एका आवाजात काळा. मग म्हटलं नीट बघा. बराच वेळ कुणी काही बोललं नाही आणि मग एकानं शोधलं, "बाई, त्यानं मफलर घातलाय!" बरोबर आहे, आपला गावातला कावळा सगळा काळा नसतोच, त्याची मान आणि छाती राखाडी असते, पूर्ण काळा असतो तो डोमकावळा. आणि उन्हात पंख हलला की काळ्यावर निळी-जांभळी झाक मारते, तीपण पोरांनी पकडली. चिमणीत तर आणखी मजा, ज्याच्या गळ्याखाली काळा डाग आणि डोक्यावर राखाडी टोपी तो चिमणा, आणि नुसती मातकट तपकिरी ती चिमणी, हे एकदा कळल्यावर पोरं रस्त्यानं जाताना "हा बाबा, ही आई" करत जायला लागली, एका आईनं मला येऊन सांगितलं की बाई आता दूध आणायला जायला अर्धा तास लागतो.

हे बघणं झाल्यावरच कागद दिला. कात्री नाही, नुसतं फाडायचं आणि चिकटवायचं. तीन वर्षांच्या पोराला कात्री जमत नाही आणि जबरदस्तीनं दिली की ते काम सोडून देतं, पण फाडायला सगळ्यांना आवडतं, आणि चिमटीत धरून हळूहळू फाडण्यात बोटांना जो व्यायाम होतो तो पुढं पेन्सिल धरताना उपयोगी पडतो. काळा घोटीव कागद, जांभळा आणि गडद निळा पताकेचा कागद, आणि मफलरसाठी जुना पेपर, कारण छापलेला पेपर लांबून बघितला की राखाडीच दिसतो. ही पेपरची आयडिया माझी नाही, एका पाच वर्षांच्या मुलीची. तिनं पेपरचा तुकडा उचलला, पत्र्यावरच्या कावळ्याच्या दिशेनं धरला, एक डोळा मिटून बघितलं आणि चिकटवून टाकला.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकल्यावर एका बाबांनी विचारलं कावळा जांभळा कसा, मी त्यांना एवढंच लिहिलं की उद्या उन्हात बघा. त्यांनी बघितला आणि उलट मलाच फोटो काढून पाठवला.

एक सांगते, गळालेली खरी पिसं गोळा करून चिकटवायची नाहीत हे आम्ही आधीच ठरवलं होतं. कुणी कितीही हौसेनं आणलं तरी नाही. पिसांवर घाण असते, जंतू असतात, आणि ही पोरं बोट तोंडात घालणारी. पीस दिसलं तर लांबून बघायचं, पुढं जायचं.

आता मुख्य काम, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. चिऊचं घर मेणाचं. मेण म्हणजे काय, हे पोरांना हातात देऊनच दाखवायचं म्हणून साध्या पांढऱ्या मेणबत्त्या आणल्या, तुकडे केले, आणि जाड ड्रॉइंग शीटवर म्हटलं चिऊचं घर काढा. पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसेना. पोरं वैतागली, बाई ही उमटतच नाही, दुसरी द्या. मी म्हटलं उमटू नको दे, नुसतं दाबून दाबून काढा, दार काढा, खिडकी काढा, आत बाळ काढा. शेजारी काऊचं घर गेरूनं. गेरू नुसत्या पाण्यात कालवलेला, त्यात डिंक नाही, फेव्हिकॉल नाही, काही नाही, ब्रशनं नाहीतर बोटानं रंगवायचा आणि वाळू द्यायचा. आमच्या ऊन्हात वाळायला वेळ लागतच नाही.

मग सगळे कागद पाट्यांना चिमटे लावून गच्चीच्या कठड्याला तिरपे उभे केले आणि पाऊस पाडला. पाऊस म्हणजे निळा पोस्टर कलर भरपूर पाण्यात पातळ केलेला आणि केस कापायच्या दुकानात असते तसली स्प्रेची बाटली. पोरांनी फस्स फस्स करून पाणी मारलं आणि निळं पाणी खाली यायला लागलं तसं चिऊचं घर पांढरंशुभ्र वर आलं. दार आलं, खिडकी आली, बाळ आलं. मेणावर पाणी थांबत नाही, कागद निळा होतो आणि मेणाची रेघ कोरडी राहते, एवढंच त्याच्यामागचं कारण, पण त्या पोरांच्या तोंडाकडं बघायला पाहिजे होतं, आणि तेवढ्यात शेजारी काऊचं घर वितळून लाल ओघळ होऊन खाली निघालं होतं. इतकी वर्षं तोंडानं सांगितलेली गोष्ट त्यांच्या डोळ्यासमोर खरी घडत होती आणि पाऊस त्यांच्याच हातात होता. काही पोरं आरडाओरडा करत आणखी पाणी मारायला लागली. दोघं एकदम थांबली. एकीनं दोन्ही हात कागदावर धरले काऊच्या घरावर, पाणी लागू नये म्हणून. बाटली कुणी मारायची, कुणाच्या घरावर मारायची, यावरून भांडणं झाली, ती मी होऊ दिली, कारण ती भांडणं गोष्टीतलीच होती.

आणि मग एकजण मेणबत्तीचा तुकडा घेऊन परत आला, नवा कागद मागितला, गेरूनं काऊचं घर रंगवलं, वाळेपर्यंत तिथंच उकिडवा बसून राहिला, आणि वाळल्यावर वरून मेणबत्ती घासली. सगळं घर. म्हणाला काऊला पण मेण लावून दिलंय. मग पाणी मारलं. थोडं वाहिलं, थोडं राहिलं. तो खूष. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी गेली कितीतरी वर्षं लहान पोरांसोबत काम करतेय पण मेण कशाला अडवतं, रंग कधी धुतला जातो, हे एवढ्या लहान पोरानं स्वतःच्या डोक्यानं जोडलं आणि तेही कुणालातरी वाचवण्यासाठी, हे बघून मला खरंच भरून आलं. त्या दिवसानंतर मेणबत्ती सगळ्यांची आवडती, पुढचे तीन-चार आठवडे काहीही काढायचं म्हटलं की आधी मेण लागायचं, पाऊस पडायचाच.

कुणाला हे करायचं असेल तर दोन गोष्टी. कागद पातळ घेऊ नका, ओला झाला की फाटतो आणि पोराचं घर फाटतं. आणि रंग खरंच पातळ पाहिजे, घट्ट रंग मेणावर बसतो आणि मग काहीच उठत नाही, आधी स्वतः एका तुकड्यावर करून बघा.

शेणाचं घर बाकी राहिलं होतं. कागदावर झालं, पण पोरांना खरं पाहिजे होतं. आपल्याकडं माती काळी, शेतातून एक बादली आणवली, मळली, पोरांनी त्याची वाटीसारखी घरटी केली आणि सावलीत ठेवली. पुढच्या शनिवारी येऊन बघतो तर सगळ्यांना भेगा. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात शेताला एवढाल्या भेगा पडतात त्या त्याच्यामुळंच, पोरांना ते कुणाच्या ना कुणाच्या गावाकडं बघितलेलं होतं म्हणून लगेच कळलं. चटक्याचा शेवट सांगणाऱ्या आज्जी म्हणाल्या, अगं नुसती माती कशी राहील, शेण घाला की त्यात, शेणात काडी असते, ती धरून ठेवते. त्यांच्या माहेरी भिंती तशाच लिंपायच्या, शेणमातीच्या. मग त्यांनी स्वतः शेण, माती आणि थोडा गव्हाचा भुसा असं कालवलं, पोरांच्या हाताला कुठं खरचटलेलं नाही ना ते बघून घेतलं, काम झालं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे हे आधी तीनदा बोलून घेतलं, आणि एक-दोन पोरांना वास नको झाला त्यांना नुसतीच भुशाची माती दिली. या वेळची घरटी तडकली नाहीत. पाणी मारून बघितलं, लगेच विरघळलीपण नाहीत. पोरं विचारात पडली. शेणाचं घर तर टिकलं! मग गोष्टीत वाहून कसं गेलं? एकानं सांगितलं काऊनं भुसा घातला नव्हता. दुसरी म्हणाली त्याला आज्जी नव्हती.

आता थोडं मोठ्यांशी. अशा उपक्रमांच्या नावाखाली सध्या जे चालतं ते मला बोचतं. चिमणीचा प्रिंटआउट, आत तपकिरी रंग भरा, तयार डोळे चिकटवा, तयार चोच चिकटवा, वीस पोरांच्या वीस सारख्या चिमण्या भिंतीवर, फोटो काढला, झालं. पालकांना ते छान वाटतं कारण चिमणी चिमणीसारखी दिसते. आमच्याकडची तीन वर्षांच्या पोरांची चिमणी म्हणजे एक गोल आणि त्यातूनच निघालेले दोन पाय, पोट नाही, पंख कधी आहेत कधी नाहीत, आणि या वयाला सगळी पोरं माणूसपण असाच काढतात, तो त्या वयाचा टप्पा आहे, तो घाईनं ओलांडायला लावायचा नसतो. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरांसोबत काम केलं ते पानं, बिया, खडे, माती घेऊन, आसपास जे मिळेल ते घेऊन, पोरांच्या हाताला जे ओळखीचं ते. ते काम सुरू होऊन साठ-सत्तर वर्षं झाली. आपल्या मराठी मुलखात एवढं मोठं काम होऊन गेलंय आणि आपण अजून पोराला तयार चोच विकत आणून देतो. मी प्रत्येक चित्राच्या मागं पोरगं जे बोललं ते तसंच्या तसं लिहून ठेवते, तेलुगूत बोललं तर तेलुगूत, त्याच्या घरचं कुणीतरी मला देवनागरीत सांगतं. एका कागदावर नुसते लाल ओघळ आहेत, मागं लिहिलंय "काऊ आता मामाकडं राहायला गेला." त्या पोराच्या आईनं आधी पुढची बाजू बघितली आणि हे काय म्हणून विचारलं, मग मागची वाचली आणि कागद घरी मागून घेतला.

चोचीचं म्हणाल तर आमच्या चोची शेंगाच्या टरफलांच्या. सोलापुरात शेंगाचटणी होत नाही असं घर नाही, टरफलं मागाल तेवढी. अर्धं टरफल उभं चिकटवलं की चोच, पूर्ण अख्खं टरफल घेतलं तर पिल्लाचं अंग, दोन दाण्यांची शेंग असली की आपोआप एक डोकं आणि एक पोट.

आणि पक्ष्याचं अंग म्हणजे सुताचे कोन. ही आमच्या गावची श्रीमंती. कारखान्यात सूत ज्या कागदी कोनावर गुंडाळून येतं ते रिकामे कोन पोत्यानं पडलेले असतात. कोन उभा ठेवला की पक्षी आपोआप उभा राहतो, पडत नाही, आणि लहान पोरांच्या कामात वस्तू उभी राहणं फार महत्त्वाचं, सारखं पडायला लागलं की पोरगं नाद सोडतं. कोनावर खळ लावून उरलेलं सूत गुंडाळायचं, जो रंग हातात येईल तो, त्यामुळं आमच्या चिमण्या लाल, हिरव्या, पिवळ्या, अगदी चादरीच्या रंगाच्या झाल्या.

सुतावरून विषय सुगरणीवर गेला. हिप्परग्याच्या बाजूला तळ्याकाठच्या बाभळींवर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतात, एका पालकांनी तिथून व्हिडिओ काढून आणला. पोरांना दाखवलं तेव्हा सांगितलं की हे विणणारा बाबा आहे, म्हणजे नर. तो गवताची लांब पाती चिरून आणतो, चोचीनं विणतो, गाठी मारतो, अर्धं घर झालं की मादी येऊन बघते, तिला पसंत पडलं तर पुढचं पुरं करतो, नाही पडलं तर दुसरं. हे ऐकल्यावर एक मुलगी एकदम म्हणाली, "माझे आजोबापण विणतात." तिचे आजोबा आयुष्यभर मागावर, आधी हातमाग मग यंत्रमाग. त्यांना बोलावलं. ते आले, पोरांपुढं मांडी घालून बसले, आधी जरा अवघडले, मग पुठ्ठ्याच्या चौकोनाला दोन्ही टोकांना खाचा पाडल्या, उभे धागे ताणले, हा ताणा, आणि आडवा धागा एकाच्या वरून एकाच्या खालून नेला, हा बाणा, बस एवढंच आहे म्हणाले, चादर असो का टॉवेल. पाच-सहा वर्षांच्या पोरांना ते जमलं. लहानांना नाही जमत, त्यांच्यासाठी बाभळीची दुबेळकी फांदी, काटे काढून, तिच्यावर सूत कसंही गुंडाळायचं, आणि गंमत म्हणजे सुगरणीच्या खोप्याच्या जास्त जवळ तेच गेलं. आजोबांना एक पोरगं म्हणालं तुम्ही सुगरण आहात, तर ते केवढ्यानं हसले, आणि गाठ सुटू नये म्हणून विणकर जी बोटाच्या एका झटक्यात गाठ मारतात ती त्यांनी पुन्हा पुन्हा करून दाखवली. मलापण ती अजून नीट येत नाही, वेग फार आहे त्यांचा.

सगळ्यांची घरं झाली. मेणाचं, शेणाचं, सुताचं. मग मी माळढोकाबद्दल सांगितलं, कारण सोलापुरात राहून पक्ष्यांवर इतकं काम करायचं आणि माळढोक सांगायचा नाही हे मला शक्यच नव्हतं. बार्शी रोडला नान्नज, तिथलं अभयारण्य १९७९ साली झालं, केवळ या पक्ष्यासाठी. आता तिथं काळवीट दिसतात, माळढोक दिसणं मात्र फार नशिबाची गोष्ट झालीय, सगळ्या जगातच थोडे उरलेत. मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचे, आयुष्य जंगलात घालवून शेवटी इथंच आले आणि जून २०२५ मध्ये इथंच गेले, पक्ष्यांची मराठी नावं गोळा करून ठेवणारा एवढा मोठा माणूस आपल्या गावात होऊन गेला, आणि आपल्या पोरांना फ्लेमिंगो चित्रातून माहीत असतो पण माळढोक ऐकूनपण माहीत नसतो, ही खंत मला आहे आणि ती मी उघड बोलते.

पोरांना काय सांगायचं? पहिल्यांदा सांगितलं की माळढोक केवढा असतो. उभा राहिला की साधारण एक मीटर, आणि नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. म्हणजे किती? म्हणजे चार वर्षांचं पोरगं. एक पोरगं भिंतीला उभं केलं आणि म्हटलं हा बघा एवढा. मग मोठा कागद जमिनीवर अंथरला, ते पोरगं त्यावर हात पसरून झोपलं, बाकीच्यांनी खडूनं भोवती रेघ मारली, आणि त्याच आकाराला मान, चोच, टोपी आणि पंख जोडले. पंख पुरेनात, कारण माळढोक पंख पसरतो तेव्हा दोन मीटरच्या वर जातो, मग दोन्ही बाजूला कागद जोडावे लागले आणि पंख खोलीच्या भिंतीपर्यंत गेले. मातकट पाठ चहाच्या चोथ्यानं केली, पांढरी मान तशीच कोरी, डोक्याला कोळशाची काळी टोपी. एवढा मोठा पक्षी झाल्यावर प्रत्येक पोराला त्याच्या शेजारी झोपून आपण किती लांब ते बघायचं होतं, तो सगळा शनिवार त्यातच गेला आणि मी दुसरं काही काढलंच नाही.

मग साहजिकच प्रश्न आला, याचं घर कशाचं? मी सांगितलं घर नसतंच. माळढोक झाडावर बसत नाही, घरटं विणत नाही, उघड्या माळावर जमिनीवरच अंडं घालतो, तेपण बहुतेक वेळा एकच. पोरं गप्प. दार नाही? नाही. मग पाऊस आला तर? मग कुत्रं आलं तर? मग तिथून ट्रॅक्टर गेला तर? हे सगळे प्रश्न बरोबर आहेत, माळ नांगरला गेला, माळावर वस्ती झाली, कुत्री वाढली, वरून विजेच्या तारा आल्या, आणि माळढोकाला उडताना समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही, तारेवर आदळतो. पतंग तारेत अडकलेले या पोरांनी बघितलेत, त्यांना तार लगेच कळली. मी काही लपवलं नाही पण लांबण पण लावली नाही.

त्यांनी माळ करायचं ठरवलं. एका घरातून जुनी विरलेली सोलापुरी चादर आली, हिरवी-तपकिरी, ती खोलीच्या मध्ये अंथरली, त्यावर पिवळ्या आणि खाकी सुताचं गवत, ज्वारीच्या चिपाडाचे काळवीट (चिपाडाची साल आणि आतला भेंड वापरून बैलगाडी करायची कला आमच्या आज्जींना येते, काळवीट त्यांनी पहिल्यांदाच केला), आणि माळढोक. अंडं एकच पाहिजे हे कळल्यावर मोठा पेच, प्रत्येकाला अंडं करायचंय. एकानं सांगितलं सगळे करूया, लगेच दोघं-तिघं ओरडले नाही नाही एकच असतं. शेवटी पेपरचा घट्ट गोळा केला आणि सगळ्यांनी एकेक कागदाची पट्टी खळीत बुडवून त्याच अंड्यावर चिकटवली, लहान-मोठे सगळे, कुणाची पट्टी वर कुणाची खाली, आणि अंडं झालं एक पण सगळ्यांचं. वाळायला चार दिवस लागले कारण आत ओलच राहिली होती, आणि मंडळाच्या लोकांना खोली मीटिंगला पाहिजे होती तर आमच्या एका पोराच्या वडिलांनी जाऊन सांगितलं की चादर हलवता येणार नाही, अंडं आहे. मीटिंग गच्चीवर झाली.

पालक बघायला आले तेव्हा आम्ही भाषण ठेवलं नाही, पोरांनाच हात धरून दाखवायला लावलं. त्या दिवशी मी एक बघितलं, पोरं आपलं चित्र कुठलं ते दाखवायच्या आधी गोष्ट सांगायला लागत होती, आधी काऊ भिजला, मग आम्ही पाऊस पाडला, मग याच्या घराला मेण लावलं, मग आजोबा आले, मग हा आला, याला घर नाही, इथून चालू नका. आई-बाबा चपला काढून चादरीच्या कडेकडेनं चालत होते.

करून बघणाऱ्यांसाठी राहिलेलं सांगते. खळ घरीच करा, मैदा नाहीतर कणीक थंड पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवा आणि मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवत राहा. आपल्याकडच्या हवेत दुसऱ्या दिवशी ती आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा. खळ टिकावी, किडे लागू नयेत म्हणून पुस्तकं बांधणारे पूर्वी तीत मोरचूद टाकायचे, लहान पोरांच्या खळीत तो अजिबात नको, विषारी असतो. तैलखडूपेक्षा मेणबत्ती स्वस्त पडते, पण ती पांढरी पाहिजे, वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या मोडतात. गेरू रांगोळीवाल्यांकडं सुटा मिळतो. कोन हवे असतील तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा आमच्या पूर्व भागात कुठल्याही कारखान्यात दुपारच्या चहाच्या वेळेला जाऊन विचारा, पोरांच्या कामाला पाहिजेत म्हणून सांगा, आणि न्यायला पोतं आपलं न्या.